पाळी बदलली म्हणून तास वाढत नाहीत : इंदूर पोलिसांच्या ड्युटीच्या हिशेबाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, इंदूर
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मध्य प्रदेश शासन, वल्लभ भवन, भोपाळ

विषय : ठाण्यांतल्या पाळ्या बदलून होते म्हणतात त्या बचतीचा हिशेब

स. न. वि. वि.

ठाण्यात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या ठेवाव्यात की आठ-आठ तासांच्या तीन, हा विषय निघाला की दोन्हीकडून बचतीची भाषा सुरू होते. बारा तासांचा आग्रह धरणारे म्हणतात, जिथे तीन माणसं लागायची तिथे दोघांत भागतं. आठ तासांचा आग्रह धरणारे म्हणतात, आजारपण आणि चुका कमी होतात, त्यातूनच खर्च भरून निघतो. आम्ही दोन्ही हिशेब तासांत मांडून पाहिले. पहिल्यातली बचत जवळजवळ सगळी कागदावरची निघते. दुसऱ्यातली खरी आहे, पण ती फुकट मिळत नाही आणि पगाराच्या खात्यात कधीच दिसत नाही. कोणताही आदेश निघण्याआधी निदान हिशेबाची पद्धत ठरावी, एवढ्यासाठी हे पत्र. याची हिंदी प्रत दोन्ही कार्यालयांत देत आहोत.

चोवीस तास चालणारा एक पॉइंट घ्या. ठाण्याच्या दारावरचा संतरी पहारा, वायरलेस, सीसीटीएनएसचा (गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदीचा) संगणक किंवा डायल ११२ च्या गाडीतली एक जागा, काहीही चालेल. त्या पॉइंटला वर्षाला ८,७६० तास माणूस लागतो, पाळी कितीचीही असो. दुसरा आकडा एका माणसाकडून वर्षभरात प्रत्यक्ष मिळणाऱ्या तासांचा. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० दिवस अर्जित रजा, १३ दिवस किरकोळ रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे मिळून १५ आणि कोर्टातल्या साक्षीचे १० दिवस वजा केले, तर २४५ उरतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक ठाण्याने आपले घालावेत. पद्धत तीच राहील. २४५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १,९६० तास. ८,७६० ला १,९६० ने भागलं की ४.४७ येतात. एक पॉइंट बारा महिने चोवीस तास भरलेला ठेवायला साडेचार माणसं लागतात, तीन नव्हेत. गोंधळाची सुरुवात या 'तीन'पासून होते, कारण त्यात रजा, सुटी, कोर्ट काहीच धरलेलं नसतं.

आता बारा तासांची पाळी लावू. २४५ दिवस, रोज १२ तास, म्हणजे २,९४० तास. पॉइंटला २.९८ माणसं. पॉइंटमागे दीड माणूस वाचला. असे वीस पॉइंट असलेल्या ठाण्यात नव्वदऐवजी साठ माणसांत काम झालं, तीस माणसं वाचली. प्रस्तावाच्या टिपणीत हाच आकडा येतो आणि तो पाहिला की कोणालाही मोह पडावा. पण आठवड्याला सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास होतात. आधी ४८ होते. वाचलेल्या तीस माणसांचं काम उरलेल्या साठांनी त्याच पगारात उचललं. तास कुठूनही नवे आले नाहीत.

हे तपासायचं असेल तर बारा तासांची पाळी ठेवून आठवड्याची मर्यादा ४८ तासच ठेवून पाहा : चार दिवस ड्युटी, तीन दिवस सुटी. रजा तासांत मोजली तर माणसामागे पुन्हा १,९६० तासच येतात आणि पॉइंटला पुन्हा ४.४७ माणसं. तीसची बचत तिथल्या तिथे शून्यावर येते. यात आणखी एक खाच आहे, जी टिपणीत कोणी लिहीत नाही. रजा तासांऐवजी दिवसांत मोजली, तर बारा तासांच्या पाळीत एका दिवसाच्या रजेने बारा तास जातात. चार दिवसांच्या आठवड्यात वर्षाला २०९ ड्युटीचे दिवस पडतात. वरच्या हिशेबातले सुटीव्यतिरिक्तचे ६८ दिवस सगळे ड्युटीच्या दिवसांवर आले असं धरलं, तर १४१ दिवस, म्हणजे १,६९२ तास उरतात आणि पॉइंटला ५.१८ माणसं लागतात. आठ तासांच्या पाळीहून जास्त. म्हणून पाळी बदलण्याआधी रजा तासांत मोजायची की दिवसांत, हे लेखी ठरायला हवं. ते न ठरवता काढलेला आदेश पहिल्या दिवाळीतच अडकेल.

बारा तासांच्या पाळीत खरी बचत अजिबात नाही, असं आम्ही म्हणत नाही. ती आहे आणि ती ड्युटी बदलण्याच्या वेळेतली आहे. ठाण्यात पाळी बदलते तेव्हा काय-काय होतं ते पाहा. येणारा संतरी जाणाऱ्याकडून रायफल घेतो, नंबर मिळवतो, राउंड, म्हणजे काडतुसं, एकेक मोजून घेतो. हवालातीत किती जण आहेत ते डोकी मोजून पाहायचं, कोणाच्या अंगावर मार किंवा सूज असेल तर तेव्हाच नोंदवायचं, कारण पुढच्या आठ तासांत त्या माणसाला काही झालं तर जबाब येणाऱ्याला द्यावा लागतो. कुलूप ओढून पाहायचं, किल्ल्या ताब्यात घ्यायच्या. वायरलेस सेटची बॅटरी बदलायची. गाडीवाल्यांनी किलोमीटर, डिझेल, स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी पाहायची. मग रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, एकाची वापसी (परतल्याची नोंद) आणि दुसऱ्याची रवानगी (ड्युटीवर निघाल्याची नोंद). नीट केलं तर अर्धा तास जातो. घाईत पाच मिनिटांत उरकलं की महिन्याने एक राउंड कमी भरतो आणि तीन जणांची विभागीय चौकशी लागते.

तीन पाळ्यांत हा अर्धा तास दिवसातून तीनदा, दोन पाळ्यांत दोनदा. फरक रोज अर्ध्या तासाचा, पॉइंटमागे वर्षाला १८२.५ तास. १,९६० ने भागलं तर ०.०९ माणूस. वीस पॉइंटच्या ठाण्यात जेमतेम दोन माणसं. टिपणीतली बचत तीस, पदरात पडणारी दोन. मधले अठ्ठावीस कुठून आले, हे प्रत्येक प्रस्तावाला विचारलं जावं. त्याची उत्तरं तीनच असू शकतात : माणसाचे तास वाढवले, पॉइंट रिकामा ठेवला, किंवा दुसऱ्या खात्यातून माणूस आणला.

पाळी बदलली की ओव्हरटाइम वाचतो, हे आणखी एक कारण हल्ली दिलं जातं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एका चांगल्या प्रयोगात आहे. तिथल्या पोलीस फाउंडेशनने डेट्रॉइट आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टन या दोन शहरांत २७५ अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ८, १० आणि १२ तासांच्या पाळ्यांत वाटलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन आठवड्यांत आठ तासांच्या पाळीवाल्यांचा ओव्हरटाइम सरासरी ५.७५ तास, बारावाल्यांचा १.८९ आणि दहावाल्यांचा ०.९७ निघाला. दहा तासांवाल्यांना झोपही आठवाल्यांपेक्षा जास्त मिळाली. बारा तासांवाले जास्त थकलेले आणि कमी सावध आढळले. आकडे भरवशाचे आहेत, पण ते इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे जादा तासाला पैसे मोजावे लागतात, म्हणून तो वाचला की खजिन्यात शिल्लक दिसते. आपल्याकडे १८६१ च्या पोलीस कायद्याचं कलम २२ पोलिसाला सदैव ड्युटीवर समजतं. इंदूरच्या कापड गिरण्यांत १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि त्यापुढच्या तासाला दुप्पट मजुरी. गिरणीच्या फाटकावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलला यातलं काहीच लागू नव्हतं, आजही नाही. ज्या तासाची किंमत कोणत्याही खात्यात लिहिली जात नाही, तो वाचवून पैसे वाचत नाहीत आणि वाया घालवून खर्च दिसत नाही. बिहारसारख्या राज्यात वर्षाला एक महिन्याचा जादा पगार देतात. त्यात निदान जादा कामाला काही किंमत आहे एवढं मान्य होतं, पण ती ठोक रक्कम असल्याने तास कमी करण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

दहा तासांच्या पाळीचा मोहही जपून धरावा. तीन दहा म्हणजे तीस, दिवस चोवीसचा. रोज सहा तास दोन पाळ्या एकमेकींवर येतात. पॉइंटला वर्षाला ८,७६० ऐवजी १०,९५० तास भरावे लागतात आणि ४.४७ ऐवजी ५.५९ माणसं, म्हणजे पंचवीस टक्के जास्त. हे सहा तास शहराच्या खऱ्या गर्दीच्या वेळी आणता आले तरच त्यांचं चीज होतं. संतरी पहाऱ्याला दहा तासांची पाळी लावणं म्हणजे एका दारावर दोन संतरी उभे करणं.

आता आठ तासांच्या बाजूने. आम्ही स्वतः याच बाजूचे आहोत, म्हणून तिच्यातलं कच्चं अधिक स्पष्ट सांगतो. 'आहे त्याच बळात आठ तास होतील' हे खरं नाही. केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरोसाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने २०१४ मध्ये याच प्रश्नावर देशभर पाहणी केली. ठाण्यांतले बारा हजारांवर कर्मचारी आणि हजारावर ठाणेप्रमुख तीत होते. जवळपास नव्वद टक्के कर्मचारी आठ तासांहून जास्त काम करत होते आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. आठ तासांच्या पाळ्या चालवायच्या तर ठाण्यांचं मंजूर बळ सुमारे ६८ टक्क्यांनी वाढवावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांचा प्रयोग सुरू झाला, तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो उचलून धरला आणि नंतर शहरात पसरवला. त्याची मूळ कल्पना एका कॉन्स्टेबलची होती, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ड्युटीचा तक्ता हेड मोहर्रिर (ठाण्याचा मुख्य लेखनिक) आणि कॉन्स्टेबल यांच्याइतका कोणालाच कळत नाही आणि वल्लभ भवनातल्या बैठकीत त्यांची खुर्ची नसते.

आपल्या राज्याचा अनुभवही समोर आहे. साप्ताहिक सुटीची घोषणा जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा करावी लागली. पहिली घोषणा टिकली नाही, कारण तिच्यामागे बळाचा हिशेब नव्हता. सात माणसांमागे रोज एक सुटीवर, म्हणजे सत्तर जणांच्या ठाण्यात रोज दहा जण कमी. काम तेवढंच ठेवायचं तर साधारण सतरा टक्के जादा माणसं हवीत, किंवा तेवढे पॉइंट कमी करावे लागतात. दोन्ही झालं नाही की टीआय, म्हणजे ठाणेप्रमुख, दोन आठवडे निभावतो, मग एखादा बंदोबस्त लागतो, सुटी 'पुढच्या आठवड्यावर' जाते आणि तो आठवडा येत नाही. पांघरूण आखूड असलं की डोकं झाका किंवा पाय झाका. आदेशाने कापड वाढत नाही.

मग बळ वाढेपर्यंत काहीच करता येत नाही का? येतं. खरी बचत पाळी किती तासांची यात नाही, ती कोणत्या वेळी किती माणसं उभी केली यात आहे. तीन पाळ्यांत माणसं सारखी वाटली की पहाटे चारला जेवढे, तेवढेच रात्री नऊला. इंदूरचं घड्याळ असं चालत नाही. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असतात. ती मिटली की त्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी राजवाड्यापर्यंत माणसांची रीघ असते. छप्पन दुकानची गर्दी संध्याकाळची. विजयनगरकडे रात्रीची वाहनं आणि दारूच्या नशेतली भांडणं. एमवाय रुग्णालयात अपघात आणि मारामारीतले जखमी येतात तेही रात्री अधिक, आणि प्रत्येक एमएलसीमागे (पोलिसांत नोंदवाव्या लागणाऱ्या वैद्यकीय प्रकरणामागे) एक माणूस दोन-तीन तास तिथे अडकतो.

यात सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० या पाळी बदलण्याच्या वेळा फार गैरसोयीच्या आहेत. रात्री दहाला पाळी बदलायची म्हणजे सराफा भरात असताना जुने लोक ठाण्याकडे निघाले आहेत आणि नवे अजून रोजनामचात रवानगी टाकत आहेत. तो अर्धा-पाऊण तास जागेवर कोणी नसतं आणि खिसेकापूंना हे पाठ असतं. उपाय साधा आहे : अर्धे पॉइंट नऊला बदला, अर्धे अकराला. शिवाय संध्याकाळी ६ ते रात्री २ अशी चौथी, मधली पाळी करा आणि तिचं बळ दुपारच्या व पहाटेच्या पाळीतून काढा. डायल ११२ कडे कोणत्या ठाण्याच्या हद्दीतून कोणत्या तासाला किती कॉल आले, याची नोंद असतेच. वर्षभराच्या कॉलचा तासवार तक्ता टीआयच्या टेबलावर ठेवला तर कुठून किती माणसं काढायची ते तो एका बैठकीत सांगेल. यात एक सावधगिरी हवी. कॉल मोजताना संख्या आणि लागलेला वेळ दोन्ही घ्या. आवाजाच्या तक्रारीचा कॉल वीस मिनिटांत मिटतो, घरातल्या मारहाणीचा दोन तास घेतो. नुसती संख्या धरली तर मोठ्या आवाजातलं लग्न गुन्ह्याहून मोठं दिसतं.

पाळ्या फिरवण्याचा क्रमही खर्चाचाच भाग आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे फिरवलं तर शरीर जुळवून घेतं. उलट फिरवलं, म्हणजे दुपारची २ ते १० संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला बोलावलं, तर मध्ये आठ तास उरतात. महूहून किंवा देवासहून येणाऱ्याचे त्यातले दोन-अडीच रस्त्यात जातात, जेवण-आंघोळ धरली की झोपेला साडेचार. दोन पाळ्यांत किमान अकरा तासांचं अंतर, हा नियम कोणत्याही तक्त्यात पैसा न घालता करता येतो. महिला कॉन्स्टेबलना रात्री दहा-अकराला घरी जायला ठाण्याची गाडी लागते. ती धरली नाही तर त्या पाळीत त्यांची नावं हळूहळू गळतात आणि दिवसाचे पॉइंट फुगतात. तीन पाळ्या करताना या फेऱ्यांचं डिझेल हिशेबात आधीच लिहिलेलं असावं.

तपासाचं काम पाळीत बसवण्याचा हट्ट मात्र करू नये. रात्री आठला अटक झाली, दहाला तपास अधिकाऱ्याची पाळी संपली. आरोपीला चोवीस तासांत न्यायालयासमोर उभं करायचं, हे घड्याळ त्याच्या पाळीसाठी थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हापासून झडती आणि जप्तीचं ध्वनि-चित्र मुद्रण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ बोलावण्याची तरतूद आहे आणि ते येईपर्यंत जागा राखावी लागते. फिर्यादीला तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवायची. हे सगळे तास नवे आहेत आणि जुन्या मंजूर बळात धरलेले नाहीत. मध्येच डायरी दुसऱ्याच्या हातात दिली तर साक्षीदाराने पहिल्याला काय सांगितलं, ते दुसऱ्याला कागदावरून कळतं तेवढंच कळतं. उलटतपासणीत ती फट वकिलाला लगेच सापडते. म्हणून तपास अधिकाऱ्यांना पाळीऐवजी आठवड्याच्या तासांची मर्यादा आणि जोडी द्यावी : एका प्रकरणावर दोघे, एक झोपला असताना दुसरा रिमांडला. दहा लाखांहून मोठ्या शहरांपासून सुरुवात करून तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सांगितलं होतं. इंदूर त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलं आहे. ९ डिसेंबर २०२१ ला इथे आयुक्त पद्धतही आली. हे वेगळं केल्याशिवाय पाळ्यांचा कोणताही तक्ता पहिल्या मोठ्या गुन्ह्याबरोबर मोडतो, कारण तपासातला माणूस बंदोबस्तात आणि बंदोबस्तातला तपासात ओढला जातो.

थकव्याचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो म्हणून तो बचतीच्या टिपणीत येत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हात-डोळ्यांच्या कामात रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावलेला आढळला. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता बारा तासांची रात्रपाळी घ्या. संध्याकाळी पाचला उठलेला कॉन्स्टेबल रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करतो, अकराला साक्षीसाठी कोर्टात पोहोचतो, पुकारा दुपारी तीनला होतो आणि चारला तो मोटारसायकलवरून घरी निघतो. तेवीस तास झालेले असतात. ज्याला आपण रात्री चौकात ब्रीथ ॲनालायझर लावून अडवतो, त्याच्याहून हा गाडी चालवायला कमी लायक आहे आणि त्याला आपणच रस्त्यावर आणलं आहे. अपघात झाला तर दाव्याची रक्कम, उपचार, महिनोन्महिन्यांची वैद्यकीय रजा आणि तेवढा काळ रिकामा पॉइंट हे सगळं सरकारच भरतं, फक्त 'पाळी बदलातून बचत' या ओळीखाली नाही. झोपेचं चक्र मोडणारं रात्रपाळीचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवलं. रात्रपाळी टाळता येणार नाही हे आम्हाला मान्य आहे. सलग रात्रींची संख्या मर्यादित ठेवता येते आणि रात्रीनंतरच्या दिवशी साक्ष येऊ नये म्हणून कोर्ट मोहर्रिरला ड्युटी तक्ता आधी देता येतो. या दुसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही.

प्रयोग करणार असाल तर तो प्रामाणिक व्हावा, म्हणून काही गोष्टी. नव्या पाळ्यांच्या ठाण्याला पोलीस लाइनमधून गुपचूप दहा-पंधरा माणसं जादा मिळतात, प्रयोग यशस्वी ठरतो, मग तोच तक्ता बाकीच्या ठाण्यांना आहे त्या बळात लावला जातो आणि कोसळतो. हे व्हायला नको. निवडलेल्या ठाण्यांचं बळ प्रयोगाच्या आदल्या दिवशी गोठवा आणि जाहीर करा. रिकामे पॉइंट नगर सैनिकांनी, विशेष सशस्त्र दलाने किंवा नगर सुरक्षा समितीच्या कार्यकर्त्यांनी भरले असतील तर ते तास वेगळ्या रकान्यात लिहा. खर्च एका खिशातून दुसऱ्यात गेला तर ती बचत नव्हे. एक ठाणं जुन्या शहरातलं घ्या, सराफ्यासारखं, आणि एक बाहेरचं, लसूडियासारखं. सोबत तशीच दोन ठाणी जुन्या पाळीवर ठेवा, म्हणजे तुलना होईल. मुदत किमान सहा महिन्यांची असावी आणि तिच्यात रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) यांपैकी एक तरी बंदोबस्त यावा. शांत महिन्यांत कोणताही तक्ता चालतो.

मोजायचं काय तेही आधी ठरावं : पॉइंट किती तास रिकामे राहिले, सुटीवरून किती जणांना परत बोलावलं, वैद्यकीय रजा किती, कॉल आल्यापासून गाडी पोहोचायला किती वेळ, समंस-वॉरंटची तामील किती. तास रोजनामचातून काढायचे, पण त्यावर विसंबू नका. वापसीची नोंद पुष्कळदा पाळी संपल्यावर एकदम टाकली जाते, माणूस मात्र दोन तास नंतर मोकळा झालेला असतो. डायल ११२ च्या गाड्यांचा जीपीएस आणि वायरलेसवरची हजेरी यांच्याशी निदान दहा दिवसांची नोंद ताडून पाहा. फरक जिथे जास्त दिसेल तिथल्या हेड मोहर्रिरला दोष देऊ नका. तो तक्ता जुळवायला बसवलेला आहे आणि तक्ता जुळवायला त्याच्याजवळ माणसं नाहीत.

बंदोबस्तात मोडलेल्या सुटीची वही प्रत्येक ठाण्यात असावी. गेरला वीस तास उभा राहिलेल्याच्या नावावर बारा तास जमा, ते साठ दिवसांत द्यायचे, न दिल्यास कारण लिहून उपायुक्तांकडे पाठवायचं. या वहीची महिनाअखेरची बेरीज म्हणजेच शहरावरचं खरं कर्ज. ती गृह विभागाकडे गेली तर पदभरतीची मागणी करताना आयुक्तांच्या हातात ठोस आकडा असेल. आज त्यांच्या हातात 'बळ कमी आहे' एवढं एकच वाक्य असतं आणि ते राज्यातला प्रत्येक जिल्हा म्हणतो.

२०२८ च्या उन्हाळ्यात उज्जैनला सिंहस्थ आहे. इंदूरचा विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि उज्जैन रस्ता यांचा ताण याच बळावर येणार आहे आणि यातली बरीच माणसं उज्जैनलाही जातील. उरलेल्यांवर बारा तासांच्या पाळ्या तेव्हा बहुधा लावाव्याच लागतील. तो ठराविक मुदतीचा आणि वहीत तास जमा होणारा आदेश असावा. सिंहस्थानंतर 'चाललं ना एवढे दिवस' म्हणून तो कायम होऊ नये, हे आत्ताच लेखी यावं. प्रयोग त्याआधी एक पावसाळा आणि एक गणेशोत्सव पाहून संपला पाहिजे, म्हणजे तयारीला त्याचे आकडे कामी येतील.

पॉइंट, तास, रजा आणि बदलीचा वेळ भरायचं कोरं पत्रक या पत्रासोबत जोडलं आहे. ते भरायला हेड मोहर्रिरला एक दिवस पुरतो. कोणत्याही पाच ठाण्यांची भरलेली पत्रकं जाहीर करावीत, अशी विनंती आहे. आमचा हिशेब त्यात चुकीचा ठरला तर तसं आम्ही याच ठिकाणी लिहू.

कळावे,

आपले,
इंदूरमधले काही निवृत्त पोलीस कर्मचारी, लेखा शाखेतले निवृत्त कर्मचारी आणि पोलीस कुटुंबीय